मोजक्यांनाच नडणारे बिघाड

इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील बिघाडांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील बिघाड सर्वांच्या अनुभवास सारखाच येतो. फ्यूज उडालेला दूरचित्रवाणी संच कोणीही, कोठेही लावला तरी लागत नाही, त्यामुळे त्याचे कारण शोधणे आणि तो दुरुस्त करणे तुलनेने सोपे जाते. दुसऱ्या वर्गातील बिघाड मात्र एकाच बनावटीचे उपकरण वापरणाऱ्या हजारोंपैकी मोजक्यांच्याच वाट्याला येतो, त्यांनाही तो रोज भेटेल असे नसते, आणि उपकरण दुरुस्तीसाठी नेले की तेथे ते तासन्‌तास विनातक्रार चालते. सेवा केंद्रातील तंत्रज्ञ अशा वेळी ‘इथे तर व्यवस्थित चालतंय’ असे सांगून ते परत करतो, कागदावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो आणि ग्राहक तोच त्रास घेऊन घरी परततो.

दुसऱ्या वर्गातील हे बिघाड वरकरणी लहरी वाटतात, पण त्यांनाही नियम असतो. बहुधा एखादी उणीव किंवा मर्यादा त्या बनावटीच्या सर्वच नगांत दडलेली असते आणि ती उघडी पडण्यासाठी बाहेरची एखादी अट पुरी व्हावी लागते. ही अट वापरणाऱ्याच्या शरीराची असू शकते, वापराच्या जागेची असू शकते, त्या विशिष्ट नगात बसलेल्या सुट्या भागाची असू शकते, किंवा उपकरणाकडून करून घेतल्या जाणाऱ्या कामाची असू शकते. ज्यांच्याकडे अट पुरी होते त्यांना बिघाड दिसतो, इतरांना दिसत नाही, आणि म्हणूनच दोन्ही बाजू आपापल्या जागी खरे बोलत असतात. अशा बिघाडाचा माग काढताना यंत्रात काय मोडले आहे हे विचारण्याआधी, त्रास होणारे आणि न होणारे यांच्यात नेमका फरक कोणता, हे विचारावे लागते.

शरीराची अट

आधार क्रमांकांच्या वाटपाची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावातून झाली, आणि पुढे काही वर्षांत रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रावर बोट ठेवून धान्य उचलण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली. ‘अंगठा लागत नाही’ ही तक्रार तेव्हापासून गावोगावी ऐकू येते. एकाच रांगेत, एकाच यंत्रावर शाळामास्तरांचा ठसा पहिल्या खेपेस जुळतो आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या ऊसतोड कामगाराचा चार वेळा बोट ठेवूनही जुळत नाही, तेव्हा यंत्र चांगले आहे म्हणावे की बिघडलेले, असा प्रश्न पडतो.

त्याचे उत्तर ठसा घेण्याच्या रीतीत आहे. प्रकाशीय पद्धतीच्या ठसायंत्रात बोट ज्या काचेवर ठेवायचे तिच्यावर आतून तिरकस प्रकाश सोडलेला असतो. काचेच्या पलीकडे नुसती हवा असेल तर हा प्रकाश काचेच्या पृष्ठभागावरून जसाच्या तसा आत परततो. या क्रियेस पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. बोटावरील कातडीचे उंचवटे जेथे काचेला घट्ट चिकटतात तेथे हे परावर्तन भंगते आणि प्रतिमेत तेवढी जागा काळी उमटते, तर दोन उंचवट्यांमधील खाचेत हवा राहत असल्याने ती जागा उजळ दिसते. संगणक या काळ्या रेषा जेथे संपतात किंवा दुभंगतात ते बिंदू टिपतो आणि नोंदणीच्या वेळी साठवलेल्या बिंदूंशी त्यांची तुलना करतो. कातडी काचेला नीट चिकटण्यासाठी तिच्यात थोडा ओलावा आणि थोडी लवचीकता असावी लागते. कोयता, फावडे, दगड किंवा विटा वर्षानुवर्षे हाताळणाऱ्यांचे उंचवटे झिजलेले असतात, गवंड्याच्या हातावरील कातडी सिमेंटच्या अल्कतेने खरवडलेली असते, वृद्धांची कातडी कोरडी व सैल झालेली असते. अशा बोटांच्या रेषा तुटक उमटतात आणि संगणकाला खरे बिंदू व खोटे तुकडे यांत भेद करता येत नाही. उलट बोट फार ओले असेल तर खाचांतही पाणी भरते आणि रेषांऐवजी काळा डाग मिळतो.

दुकानदार स्वतःचा अंगठा लावून यंत्र तपासतो आणि ते चालत असल्याचा निर्वाळा देतो, पण त्याची ही चाचणी मुळातच अपुरी असते, कारण तक्रार करणाऱ्यापाशी जी अट पुरी होते ती त्याच्यापाशी होत नाही. योग्य क्रम असा, की आधी काच कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, हात धुऊन पुसून बोट किंचित दमट असताना ठेवावे, मग दुसरी बोटे आळीपाळीने लावून पाहावीत. दहा बोटांपैकी कोणत्या बोटाचा ठसा सर्वांत खात्रीने जुळतो हे ठरवण्याची ‘बेस्ट फिंगर डिटेक्शन’ ही सोयही आधार व्यवस्थेत आहे. एवढ्यानेही न भागल्यास ठशांची नव्याने नोंदणी करणे, बुबुळाची प्रतिमा किंवा मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक वापरणे हे मार्ग उरतात. पुन्हा पुन्हा तेच बोट जोरात दाबण्याने मात्र काही साधत नाही, कारण दाबाने खाचा चेपल्या जाऊन प्रतिमा अधिकच गढूळ होते.

शरीराच्या अटीचे गंभीर उदाहरण वैद्यकीय उपकरणांत सापडते. कोविडच्या साथीत घरोघरी पोहोचलेले ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश आरपार सोडते, एक सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषतात, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक होणाऱ्या चढउतारावरून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण काढले जाते. नखावरील गडद रंग किंवा बोटाच्या टोकावरील काळपट मेंदी लाल प्रकाश अडवून हे गणित बिघडवू शकते, म्हणून डॉक्टर दुसरे बोट किंवा कानाची पाळी वापरण्यास सांगतात. रंग पुसता येतो, पण कातडीचा मूळ वर्ण पुसता येत नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ टक्के असा समाधानकारक आकडा दिसत असताना धमनीतील रक्ताची तपासणी ८८ टक्क्यांहून कमी प्रमाण दाखवते, असे प्रसंग कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के तर श्वेतवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के आढळले. येथे बिघाड इतका मूक असतो की ज्याला तो बाधतो त्यालाही तक्रार करता येत नाही, कारण पडद्यावरील आकडा पाहून त्याची समजूत सगळे ठीक असल्याचीच होते.

अनेकदा शरीराच्या अटीला जागेची जोड लागते. २४ जून २०१० रोजी बाजारात आलेल्या आयफोन ४ या फोनची स्टेनलेस स्टीलची कड हीच त्याची अँटेना होती, आणि कडेच्या डाव्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक फटीवर तळहात टेकला की तिची जुळणी बिघडून संदेशग्रहण मंदावे. तरीही मोबाइलच्या मनोऱ्याजवळ राहणाऱ्यास याचा पत्ता लागत नसे, कारण मुळात सिग्नल भरपूर असल्याने थोडी घट पचून जाई. फोन उजव्या हातात धरणाऱ्यास किंवा त्यावर कव्हर घालणाऱ्यासही हा बिघाड सहसा जाणवत नसे. सिग्नल क्षीण असणे, फोन विशिष्ट पकडीत असणे आणि कव्हर नसणे या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच बोलणे तुटे. १६ जुलै रोजी कंपनीने पत्रकार परिषद घेऊन ग्राहकांना मोफत कव्हर देऊ केले, आणि तिसरी अट मोडताच बहुतेकांपुरता प्रश्न मिटला.

जागेची अट

भारतीय घरांत सर्वाधिक आढळणारी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी अट अर्थिंगची आहे. धातूच्या आवरणाचा लॅपटॉप चार्जिंगला लावला असता त्याच्या कडेवरून बोट फिरवताना झिणझिण्या येतात किंवा पृष्ठभाग खरखरीत लागतो. घरातील एकाला हे जाणवते, दुसऱ्याला जाणवत नाही, आणि कार्यालयात तोच लॅपटॉप, तोच चार्जर असूनही काहीच होत नाही. कार्यालयातील जोडणीची अर्थिंग सुस्थितीत असते आणि घरातील पॉइंटच्या तिसऱ्या, मोठ्या भोकामागे कित्येकदा तारच जोडलेली नसते, हे या फरकाचे मूळ होय.

चार्जर भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती म्हणजे दिशा बदलणारा प्रवाह आधी एकदिश करतो आणि मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून हव्या त्या दाबावर आणतो. या जलद चालू-बंदीमुळे निर्माण होणारा विद्युत गोंगाट शेजारच्या उपकरणांना बाधू नये म्हणून मुख्य जोडणी आणि उपकरण यांना सांधणारा एक अगदी लहान धारित्र, म्हणजे विद्युतप्रभार साठवणारा भाग, मुद्दाम बसवलेला असतो. त्यातून मिलिअँपिअरच्या अंशाइतका प्रवाह नेहमीच झिरपत असतो, आणि अर्थिंगची तार असेल तर तो तिच्यातून मुकाट्याने जमिनीत जातो. तार नसेल तर लॅपटॉपचे आवरण जमिनीच्या तुलनेत अधांतरी राहते, मल्टिमीटरने मोजल्यास त्यावर शंभर व्होल्टच्या आसपास दाब दाखवला जातो, आणि अनवाणी पायांनी ओलसर फरशीवर उभ्या असलेल्या व्यक्तीने स्पर्श करताच तो प्रवाह तिच्या अंगातून वाट काढतो. रबरी चप्पल घातलेल्या किंवा लाकडी पलंगावर पाय घेऊन बसलेल्या व्यक्तीचा मार्ग तुटलेला असल्याने तिला काही जाणवत नाही आणि तिला पहिल्याची तक्रार मनाचे खेळ वाटते.

चार्जिंगला लावलेल्या मोबाइलचा पडदा आपोआप अक्षरे उमटवू लागणे किंवा बोटाला दाद न देणे हाही याच कुळातला बिघाड होय. असा पडदा बोटाच्या स्पर्शाने धारितेत होणारा, म्हणजे प्रभार साठवण्याच्या क्षमतेत होणारा, अत्यंत सूक्ष्म बदल मोजतो. हलक्या प्रतीच्या चार्जरचा गोंगाट फोनभर पसरला की पडद्याला खरे बोट आणि गोंगाट यांतला फरक कळेनासा होतो. फोन टेबलावर ठेवून एका बोटाने वापरताना त्रास अधिक होतो आणि फोन हातात उचलून घेतला की कमी होतो, कारण तळहाताच्या स्पर्शाने फोन आणि शरीर यांच्यातील विद्युत अंतर घटते. चार्जरची पिन काढताच पडदा सुधारत असेल तर पडदा बदलण्याच्या खर्चात पडण्यापूर्वी चार्जर बदलून पाहावा, हे यावरून सहज ध्यानात येते.

या बिघाडाला ऋतूही असतो. जुन्या घरांची अर्थिंग अंगणातील खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पुरलेल्या पट्टीवर अवलंबून असते, आणि उन्हाळ्यात माती कोरडी पडली की तिचा विद्युतरोध वाढतो. म्हणून जाणते वायरमन उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायला सांगतात. एप्रिल-मे महिन्यांत सुरू होऊन पहिल्या पावसानंतर आपोआप थांबणाऱ्या तक्रारीचे कारण उपकरणाऐवजी अंगणात सापडण्याची शक्यता बरीच असते. मात्र झिणझिण्या आणि झटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोरदार झटका बसत असेल तर आतील विद्युतरोधन फुटलेले असू शकते आणि ते जिवावर बेतू शकते, म्हणून अशा वेळी मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलावण्यावाचून दुसरी चाचणी करू नये. वायरमन फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन जोड्यांमधील दाब मोजतो. पहिल्या दोन जोड्यांत सुमारे २३० व्होल्ट आणि तिसऱ्या जोडीत जेमतेम काही व्होल्ट आढळले तर तार जोडलेली आहे एवढे समजते, आणि ती जमिनीपर्यंत कितपत चांगली पोहोचते हे अर्थिंगचा रोध मोजून ठरवावे लागते.

जागेची अट कधी कधी घराच्या भिंतीबाहेर असते. वेल्समधील अबरहोसन या खेड्यात रोज सकाळी सातच्या सुमारास साऱ्या गावाचे इंटरनेट मंदावत असे आणि केबल बदलूनही अठरा महिने त्यात फरक पडला नाही. अखेर तंत्रज्ञांनी वारंवारतानुसार विद्युत लहरींची तीव्रता दाखवणारे उपकरण हातात घेऊन पहाटे गावभर फेरी मारली, तेव्हा एका घरातील जुना दूरचित्रवाणी संच सुरू होताच लहरींचा एक जोरदार झोत बाहेर पडत असल्याचे आढळले. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या हकिकतीत तपासाची किल्ली ठरली ती सकाळी सातची वेळ. यंत्रातील सुटा भाग मोडण्यासाठी घड्याळ पाहत नाही. घड्याळ माणसे पाहतात, त्यामुळे ठरावीक वेळी येणारा बिघाड कोणाच्या तरी दिनक्रमाशी बांधलेला असण्याचा संभव मोठा असतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेतील शिकागोजवळच्या एका रुग्णालयात घडलेला प्रकार त्याहून विलक्षण होता. एकाच दिवशी तेथील सुमारे चाळीस फोन आणि मनगटी घड्याळे बंद पडली, आणि ती सर्व ॲपल या एकाच कंपनीची होती. त्याच इमारतीतील इतर कंपन्यांचे फोन व वैद्यकीय यंत्रे सुरळीत चालू होती. त्या दिवशी नवे एमआरआय यंत्र बसवण्याचे काम चालू होते आणि त्याच्या चुंबकाला थंड ठेवणारा हेलियम वायू गळून हवा खेळवणाऱ्या नळ्यांवाटे इमारतीत पसरला होता. संशय आधी चुंबकीय क्षेत्रावर गेला, परंतु चुंबकाने एकाच कंपनीची उपकरणे निवडून बंद पाडण्याचे कारण सापडेना. पारंपरिक फोनमध्ये वेळेचा ठेका धरण्यासाठी क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तर या उपकरणांत त्या जागी सिलिकॉनची अतिसूक्ष्म कंपित होणारी रचना निर्वात कुपीत बंद केलेली होती. हेलियमचे अणू इतके लहान असतात की ते त्या कुपीच्या भिंतीतून आत शिरतात, कंपनाची लय बिघडते आणि ठेका चुकला की सारा फोन थांबतो. मोकळ्या हवेत काही दिवस ठेवल्यावर आत शिरलेला वायू निघून जाऊन बहुतेक उपकरणे पुन्हा सुरू झाली. कोणाचे बंद पडले याबरोबरच कोणाचे बंद पडले नाही ही नोंद झाली नसती, तर या कारणापर्यंत पोहोचणे कठीण होते.

नगाची आणि कामाची अट

एकाच नावाने विकली जाणारी सर्व उपकरणे आतून एकसारखी असतात ही समजूत खरी नाही. मोठ्या उत्पादनात एकच सुटा भाग दोन-तीन पुरवठादारांकडून घेतला जातो, आणि वरून जुळे दिसणारे दोन फोन आतून वेगळे असू शकतात. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत नोंदलेली प्रकरणे ३५ होती, तर परत मागवावे लागलेले फोन सुमारे २५ लाख होते. दोष एका पुरवठादाराच्या बॅटरीत असल्याचे मानून कंपनीने दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीचे फोन बदलून दिले, आणि त्यांतलेही काही पेटले. जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या प्रकारच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यातील ऋणाग्राचा पापुद्रा वाकलेला होता, तर दुसऱ्या प्रकारात वेल्डिंगचे टोकदार कंगोरे विलगक पडदा फाडून पलीकडे टेकत होते. लक्षण एक होते आणि कारणे दोन होती. पहिले कारण सापडताच शोध थांबवण्याची किंमत त्या फोनच्या संपूर्ण मालिकेला मोजावी लागली.

कामाच्या अटीचे अभिजात उदाहरण इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रक्रियकाचे आहे. व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवणारे थॉमस नाइस्ली जुळ्या मूळ संख्यांच्या, म्हणजे ज्यांच्यात फक्त दोनचा फरक असतो अशा मूळ संख्यांच्या, व्यस्तांकांची बेरीज करत असताना १९९४ साली त्यांना नव्या संगणकाची उत्तरे जुन्या संगणकांशी जुळत नसल्याचे दिसले. आपल्या आज्ञावलीपासून सुरुवात करून त्यांनी एकेक संशयित कारण महिनोन्‌महिने वगळत नेले आणि अखेरीस प्रक्रियकाचा भागाकारच चुकतो या निष्कर्षावर ते आले. भागाकार जलद व्हावा म्हणून प्रक्रियकात एक तयार कोष्टक कोरलेले होते आणि त्यातील पाच नोंदी गळाल्या होत्या. ४१९५८३५ या संख्येला ३१४५७२७ ने भागले असता १.३३३८२ ऐवजी १.३३३७४ असे उत्तर मिळे, तर इतर बहुतेक सर्व भागाकार अचूक येत.

कंपनीचे म्हणणे असे होते की सामान्य ग्राहकाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएम कंपनीने मात्र भागाकारांचे प्रत्यक्ष कामातील स्वरूप वेगळे धरून ती २४ दिवसांतून एकदा भेटू शकते असे गणित मांडले. हे दोन्ही आकडे आपापल्या गृहीतकांनुसार काढलेले होते, परंतु ‘सामान्य ग्राहक’ या सरासरीच्या कल्पनेत गणितज्ञ, अभियंता किंवा हिशेबनीस कोठे बसतो हा प्रश्न पहिल्या आकड्याने टाळला होता. २० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने मागेल त्याला प्रक्रियक बदलून देण्याचे मान्य केले आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला.

शोधाची रीत

या उदाहरणांवरून बिघाड शोधण्याची एक साधी पद्धत हाती येते. तिची पहिली पायरी म्हणजे बिघाड इच्छेनुसार घडवून आणता येतो का हे पाहणे होय. जो बिघाड हवा तेव्हा घडवता येतो तो अर्धा सुटल्यातच जमा असतो. त्यासाठी उपकरण दुरुस्तीच्या टेबलावर आणण्याऐवजी शक्य तितकी मूळ परिस्थिती टेबलावर आणावी लागते, म्हणजे ग्राहकाचाच चार्जर, त्याचीच केबल आणि शक्यतो त्याचाच हात. तापल्यावर उद्भवणाऱ्या बिघाडासाठी अनुभवी तंत्रज्ञ बोर्डाचा एकेक भाग गरम हवेच्या झोताने तापवतात किंवा प्लॅस्टिकच्या काडीने हलकेच ठोकून पाहतात, कारण ड्राय सोल्डर म्हणजे भेगाळलेला टाका थंड असताना जुळलेला राहतो आणि तापल्यावर किंवा हादरल्यावर उघडतो. कोकणपट्टीतील खाऱ्या दमट हवेत बोर्डावरील जोडांना गंज धरतो, आणि तेथून पुण्याच्या कोरड्या हवेत आणलेला संच तात्पुरता सुधारलेला वाटू शकतो.

दुसरी पायरी अदलाबदलीची. त्रास होणाऱ्याचा आणि न होणाऱ्याचा चार्जर, केबल, पॉइंट, जागा यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बिघाड कोणामागे जातो ते पाहावे. संशयित गोष्टी आठ असतील तर त्यांचे निम्मे-निम्मे गट बदलत गेल्यास एकच कारण असताना तीन चाचण्यांत ते सापडते. या पायरीत एक फसवी वाट आहे. जुना भाग काढून नवा लावताच बिघाड गेला म्हणजे जुना भाग दोषी होता असे सिद्ध होत नाही, कारण काढण्या-लावण्याच्या घर्षणाने पिनांवरचा गंजाचा थर खरवडला जाऊनही जोड सुधारलेला असू शकतो. म्हणून जुना भाग पुन्हा लावून बिघाड परत येतो का हे पाहिल्याशिवाय निदान पक्के मानू नये.

तिसरी गोष्ट धीराची आहे आणि तिलाही गणित आहे. एखादा बिघाड सरासरी तीन दिवसांतून एकदा, अनियमितपणे येत असेल, तर काहीही दुरुस्त न करता पुढचे तीन दिवस तो न येण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के असते, सहा दिवस न येण्याची सुमारे १४ टक्के आणि नऊ दिवस न येण्याची सुमारे ५ टक्के असते. सरासरी अंतराच्या तिप्पट काळ वाट पाहिल्यावरच दुरुस्ती लागू पडली असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते, आणि दुरुस्तीनंतर एक दिवस नीट चालले म्हणून उपकरण परत देणाऱ्या केंद्राकडे तेच उपकरण पुन्हा येते त्याचे कारण येथे आहे.

उत्पादकाच्या दृष्टीने लाखात दहा-वीस तक्रारी हे नगण्य प्रमाण असते, पण ठसा न जुळल्याने धान्याविना परतणाऱ्या मजुराच्या किंवा ऑक्सिजनचा चुकीचा आकडा पाहून घरी थांबलेल्या रुग्णाच्या बाबतीत तो बिघाड पूर्ण शंभर टक्के असतो. शिवाय अल्पसंख्य तक्रारी यदृच्छेने विखुरलेल्या नसतात. त्या बहुधा श्रमिक, वृद्ध, सावळ्या वर्णाचे किंवा जुन्या घरांत राहणारे अशा ठरावीक लोकांच्याच वाट्याला येतात, आणि चाचणीच्या वेळी हेच लोक प्रयोगशाळेत हजर नसतात. तक्रारदार थोडे आहेत म्हणून तक्रार खोटी ठरवणे हे तांत्रिक दृष्ट्या चुकीचे आणि व्यवहारात अन्यायाचे आहे.

ग्राहकानेही आपल्या बाजूने थोडे काम करावे. बिघाड कोणत्या तारखेला व किती वाजता आला, उपकरण कोणत्या पॉइंटवर आणि कोणत्या चार्जरवर होते, त्या वेळी जवळपास आणखी काय चालू होते, घरात कोणाला त्रास झाला आणि कोणाला झाला नाही, एवढ्या गोष्टी एका कागदावर लिहून तो कागद आणि चार्जर उपकरणासोबत दुरुस्तीला न्यावा. ‘मधूनमधून बंद पडतो’ या मोघम वाक्यापेक्षा अशा आठ-दहा ओळींच्या नोंदीतून तंत्रज्ञाला कारणाचा माग कितीतरी लवकर लागतो.